श्वेत बटूला ‘खुजा’ म्हणू नका

विचारणा अशी : ‘व्हाइट ड्वार्फ’ला, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याला, मराठीत ‘श्वेत बटू’ म्हणावं की ‘श्वेत खुजा’? बटू म्हणजे मुंजीतला मुलगा, मग मेलेल्या ताऱ्याला हे नाव कसं? आणि अनेकवचन काय?

त्याआधी एक ठसठस. परवा पुन्हा कुठल्याशा वाहिनीवर ‘नवतारा म्हणजे नुकताच जन्मलेला तारा’ असं ऐकलं. अहो, नवतारा नवा नसतो! १५७२ साली शर्मिष्ठा तारकासमूहात अचानक तेजस्वी तारा दिसला. आधी तिथे काही दिसत नव्हतं, म्हणून टायको ब्राहेने त्याला ‘नोव्हा’, म्हणजे नवा, म्हटलं. प्रत्यक्षात तो एका म्हाताऱ्या ताऱ्याचा शेवटचा स्फोट होता. आजच्या भाषेत अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. आणि फुटला होता कोण? एक श्वेत बटूच.

आता बटू. संस्कृतात ‘वामन’ म्हणजे ठेंगू, म्हणून हिंदी-बंगालीत ‘श्वेत वामन’ झालं. मराठीत बटूला ठेंगूचा अर्थ चिकटला तो बहुधा बटुवामनामुळे. ‘बटू’ला चुकीचं ठरवून ‘खुजा’ सुचवणाऱ्यांना मात्र एक विचारतो : मुंजीतला बटू काय करतो? भिक्षावळीत भिक्षा मागतो! आणि श्वेत बटू?

एकटा असला तर काहीच नाही, निवत बसतो. आपल्या सूर्याचं तेच होणार : आधी फुगून लाल राक्षसी तारा, मग बाहेरचे थर झडून पृथ्वीएवढा गाभा शिल्लक. पण जोडताऱ्यात, जोडीदार पुरेसा जवळ असेल, तर हा बटू त्याच्याकडून वायू ओढून घेत राहतो. ॐ भवति भिक्षां देहि. उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोना बोरियालिस पाहा. तिथे भिक्षा घालणारा आहे लाल राक्षसी तारा. दैत्य बळी आणि बटू वामन, नेमकी जोडी! (राक्षस आणि दैत्य एक नव्हेत, माहीत आहे, पत्रं पाठवू नयेत.) साठलेली भिक्षा पृष्ठभागावर पेटते, तो नवतारा. १८६६ आणि १९४६ मध्ये तो असा उजळला. बटू जागचा हलत नाही, पुन्हा झोळी पसरतो.

पण घेता घेता वजन सूर्याच्या साधारण १.४ पटीच्या जवळ गेलं, की खेळ संपतो. ही चंद्रशेखर मर्यादा. १९३० साली विलायतेला निघालेल्या चंद्रशेखर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने बोटीवर तिचं गणित मांडायला घेतलं. तिच्या उंबरठ्यावर बटू पेटतो, अख्खा उधळतो आणि काही आठवडे एखाद्या दीर्घिकेइतका झळकतो. वामनाचा त्रिविक्रम! सांगा, ‘खुजा’ या शब्दात हे कुठे मावतं? खुजा खुजाच राहतो.

कधी कधी दोन बटूच एकमेकांवर आदळून स्फोट होतो. तिथे बळी नाही, आणि माझी कथा लंगडी पडते. पडू दे.

हां, अनेकवचन राहिलं. एक लाडू, दहा लाडू. तसे एक बटू, दहा बटू. सुटा शब्द दीर्घ, समासात ऱ्हस्व : बटू, पण बटुमूर्ती.