घारापुरी बेटावर गावकऱ्यांसोबत मुलांचा ट्रेझर हंट ठेवायचा आहे. ठाण्याहून जाताना काय लक्षात ठेवावं?

सगळ्यात आधी हे: चिठ्ठ्या दगडाखाली किंवा झाडाच्या ढोलीत लपवू नका. गावातल्या माणसांकडे द्या.

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतली आठ ते चौदा वर्षांची मुलं आहेत, सोबत काही पालक आहेत आणि बेटावरच्या एका ओळखीच्या कुटुंबाने मदत करायचं कबूल केलंय. मग निम्मं काम झालंच. मी नेरुळला राहते. आमच्या मुलांच्या गटासाठी हा खेळ तिथे मांडत आलेय, त्यावरून सांगते.

चिठ्ठी माणसाकडे द्यायला सांगते त्याचं एक कारण म्हणजे माकडं. हातातली पाण्याची बाटलीसुद्धा ती सोडत नाहीत, तिथे लपवलेली पिशवी काय टिकणार! दुसरं, लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे उकरणं, चिकटवणं, खडूने बाण काढणं यातलं काहीही करायचं नाही. पण खरं कारण वेगळंच आहे. बहुतेक लोक बोटीतून उतरतात, पायऱ्या चढून लेणी बघतात आणि परत जातात. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं या बेटावर नांदतात, याचा त्यांना पत्ताच नसतो. खेळ असा मांडा की गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय पुढची चिठ्ठी मिळणारच नाही.

लेण्यांत फक्त बघून उत्तर द्यायचा टप्पा ठेवा. उदाहरणार्थ, मुख्य लेण्यातल्या सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीसमोर मुलांना उभं करा आणि विचारा, आपल्या डावीकडच्या मुखाच्या हातात काय आहे आणि उजवीकडच्या मुखाच्या हातात काय? डावीकडे साप आहे, उजवीकडे कमळाची कळी. एकीकडे उग्र भाव आणि दुसरीकडे सौम्य, हे मुलांना आपोआप दिसतं, आपण भाषण द्यावं लागत नाही.

आमच्या मुलांना सगळ्यात आवडलेली चिठ्ठी होती 'हत्ती शोधा'. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते राजबंदरजवळच्या मोठ्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आता बेटावर नाही. भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुलं आधी टेकडी पालथी घालतात, मग कोणीतरी गावात विचारतं. जमलं तर खेळाचा शेवटचा टप्पा पुढच्या रविवारी भायखळ्यालाच ठेवा, ठाण्याहून सरळ गाडी आहे.

एक चिठ्ठी विजेवर ठेवा. घारापुरीत पूर्णवेळ वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटर केबलमधून. तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास काय दिवे लागत तेवढेच. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना ही परिस्थिती होती. आम्ही मुलांना एवढंच सांगितलं होतं की वीज नव्हती तेव्हाची एक गोष्ट गावातून घेऊन या. एका मुलीने विचारलं, "काकू, फ्रीज नव्हता तर मासळी कशात ठेवायचात?" काकूंनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सुकटीचा डबा उघडून नाकाशी धरला. पोरगी आधी मागे सरकली, मग पुन्हा वास घेतला, मग सुकट कशी वाळवतात, पाऊस आला तर काय करतात, असे प्रश्नांवर प्रश्न. बाकीचा गट बाहेर खोळंबला होता, खोळंबू दिला.

आणि भरतीची चिठ्ठी तर ठेवाच. समुद्रावर आयुष्य गेलेल्या एखाद्या आजोबांना आधी विचारून तयार ठेवा. आमच्या आजोबांनी मुलांना विचारलं, "आज तिथ कंची?" कोणालाच सांगता येईना. कॅलेंडर शोधून चतुर्थी निघाली. मग त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. मुलांनी लगेच फोनवर ताडून पाहिलं, थोडाफार फरक सोडला तर जुळलं. घरी येऊन कितीतरी दिवस ती भिंतीवरचं कॅलेंडर बघून भरती सांगत होती.

जेवण गावातल्या घरीच ठरवा. मासे, तांदळाची भाकरी, लहानांसाठी वरणभात. शेवटची चिठ्ठी त्या घरापर्यंत नेणारी असू द्या. पैसे आधी विचारून ठरवा आणि घासाघीस करू नका. जे लोक चिठ्ठ्या सांभाळत दिवसभर तुमच्या मुलांची वाट बघतात, त्यांचाही दिवस मोडतो. त्याचे वेगळे पैसे द्या.

आता जाण्यायेण्याचं. पहिल्या खेपेला गेटवेहून जा, तिथून बोटी नेमाने सुटतात आणि साधारण तासाभरात पोचवतात. उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झाली, त्यामुळे नवी मुंबईकरांना मोऱ्याचा रस्ता जवळचा वाटतो, पण तिकडून बोट आधी बोलून ठेवावी लागते. उरणचं मोरा आणि बेटावरचं मोराबंदर या दोन वेगळ्या जागा आहेत, हे पालकांना नीट सांगा. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात हा बेत नकोच. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, नीट बांधलेलं. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली आहेत, तेव्हा यात कोणाचंही 'उकडतंय' ऐकू नका.

पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही, म्हणून परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्याबरोबर धक्क्यावर विचारून घ्या आणि खेळ त्याच्या दीड तास आधी थांबवा. लहान मुलं असतील तर शेतबंदर आणि राजबंदर पुरे. मोराबंदर मोठ्या मुलांच्या गटाला द्या, सोबत गावातलं कोणीतरी हवंच.