शेवट ठाऊक असलेली गोष्ट

प्रश्न : ‘स्टार वॉर्स’च्या मूळ तीन चित्रपटांवर (१९७७, १९८० आणि १९८३) माझा फार जीव आहे. त्या कथेच्या आधीचा काळ सांगणारे तीन चित्रपट १९९९, २००२ आणि २००५ साली आले, ते मात्र मनाला भिडले नाहीत. गेल्या महिन्यात बारा वर्षांच्या मुलाला त्यांतला पहिला दाखवला, तेव्हा त्याने विचारले, “बाबा, हाच पुढे डार्थ व्हेडर होणार, तर आत्ता त्याच्याकडे बघून काहीच का वाटत नाही?” पुढचे दोन पाहायला तो तयार नाही. पात्रे आणि कथेची गती बदलून ही गोष्ट सावरता आली असती का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. पूर्वकथेचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतो, पण तेवढ्याने तिची ओढ संपत नाही. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात आख्यान ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे माहीत असते. तरीही बुवा कुंती-कर्णाची भेट रंगवू लागले की सभा स्तब्ध होते, कारण हे टळले असते तर किती बरे झाले असते, ही हुरहुर श्रोत्याला जागचे हलू देत नाही. त्या हुरहुरीसाठी माणसे जवळून दिसावी लागतात, आणि या तीन चित्रपटांनी आपला वेळ भलतीकडेच खर्च केला.

जेडाय या योद्ध्यांच्या पंथातला ओबी-वॉन केनोबी आणि त्याचा शिष्य अनाकिन स्कायवॉकर, म्हणजेच मूळ चित्रपटांतला खलनायक होणारा डार्थ व्हेडर, यांचे नाते हा या शोकांतिकेचा कणा आहे. पहिल्या चित्रपटात अनाकिन नऊ वर्षांचा आहे, आणि त्याची ती गाजलेली शर्यत चालू असताना ओबी-वॉन दूर यानात बसलेला आहे. दोघांची ओळख होते ती ग्रह सोडून घाईने निघताना. मधली दहा वर्षे गळून जातात. दुसऱ्या चित्रपटाच्या सुरुवातीला दोघे लिफ्टमधून वर जात आहेत. गुंडार्क नावाच्या प्राण्यांच्या घरट्यात पडलो होतो, त्यानंतर तुला इतका बेचैन पाहिला नव्हता, असे ओबी-वॉन म्हणतो. पडला होतात तुम्ही, मी तर तुम्हाला वाचवले, असे अनाकिन सांगतो आणि दोघे हसतात. मला पाहायचे होते ते हेच घरटे. मैत्री पडद्यावर घडायला हवी होती, तिची नुसती आठवण सांगितली गेली. युद्धाचेही तेच झाले : दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस ते पेटते आणि तिसरा सुरू होतो तेव्हा संपत आलेले असते.

म्हणून मी अनाकिनला सतरा-अठरा वर्षांचा करून कथा सुरू करीन, पहिल्याच चित्रपटाच्या शेवटी युद्ध पेटवीन आणि मधला संपूर्ण चित्रपट या दोघांच्या रणभूमीवरच्या सहवासाला देईन. बालपणातला एकच प्रसंग मी प्रारंभी ठेवीन, तो म्हणजे गुलामीत मागे राहणाऱ्या आईचा निरोप. मागे वळून पाहू नकोस, असे ती मुलाला सांगते. तिन्ही चित्रपटांत याहून खरे काही नाही. पुढे दहा वर्षे ओबी-वॉन किंवा त्याच्या पंथातले कोणी तिला सोडवायला जात नाही आणि कथा त्याचा जाबही विचारत नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तो जाब अनाकिनने ओबी-वॉनला विचारावा, ओबी-वॉनने मन मानत नसतानाही पंथाच्या नियमाकडे बोट दाखवावे, आणि आईच्या मृत्यूनंतर ते न फिटलेले ऋण दोघांच्या मैत्रीत कायमचे राहावे, अशी माझी रचना असेल.

अनाकिन जिच्या प्रेमात पडतो त्या सिनेटर पद्मेवर तर अन्यायच झाला आहे. आईच्या मृत्यूच्या सूडापोटी बायका-मुलांसह साऱ्या वस्तीची कत्तल केल्याचे अनाकिन तिला स्वतः सांगतो आणि तरीही ती त्याच्याशी लग्न करते. कोणत्या मनाने, हे कळत नाही. हे सत्य तिला लग्नानंतर कळले असते, तर पुढची तिची प्रत्येक शांतता अर्थपूर्ण झाली असती. तिसऱ्या चित्रपटात ती बहुतेक वेळ घरी वाट पाहत असते. सिनेटमधल्या सहकाऱ्यांबरोबर विरोधाची मोट बांधणाऱ्या पद्मेची दृश्ये चित्रित झाली होती, पण ती संकलनात कापली गेली. मी ती आधी परत आणीन.

खलनायकांबद्दल थोडक्यात सांगतो. मॉल, डूकू आणि ग्रीव्हस असा दर वेळी नवा चेहरा आणण्यापेक्षा डूकू पहिल्यापासून असावा. तो ओबी-वॉनच्या गुरूचा गुरू आहे, हे दुसऱ्या चित्रपटात एका संवादात उरकले आहे. एवढे घरातले वैर हाताशी असताना परका शत्रू शोधण्याचे कारण नव्हते.

मुलाला दुसरा चित्रपट दाखवून लगेच तिसऱ्याकडे वळू नका. मधल्या युद्धाची गोष्ट सांगणारी ‘द क्लोन वॉर्स’ ही अॅनिमेशन मालिका २००८ साली सुरू झाली. तिच्यातले ओबी-वॉन आणि अनाकिन यांचे निवडक भाग आधी दोघे मिळून पाहा आणि मग तिसरा लावा.