दुसरा गाल, एसटी स्टँड आणि पोलीस भरतीचा फॉर्म

जय ख्रिस्त गं. तुझं पत्र दोनदा वाचलं, आधी इथे थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल विषय काय आहे. तू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, पहाटे ग्राउंड, पोलीस भरतीची तयारी जोरात. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर एका मुलाने तुझी ओढणी धरली, तू त्याचं मनगट असं पिरगळलंस की तो खालीच बसला, लोक जमले, तो पळाला. हे तू तरुण संघात साक्ष म्हणून सांगितलंस तर तिथल्या एका दादाने सगळ्यांसमोर मत्तय ५:३९ काढलं (उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही त्याच्यापुढे कर, हे येशूचं वचन), म्हणाला बहिणी दुसरा गाल कुठे गेला, देवाची क्षमा माग, आणि बंदूक हातात घ्यायची नोकरी तर विश्वासी मुलीने धरूच नये. आता आई म्हणते फॉर्म भरू नको, पप्पा म्हणतात भर, आणि तू विचारतेस ताई मी काय करू.

मनगटाचं आधी संपवू. त्यासाठी काहीही क्षमाबिमा मागायची नाहीये.

त्या दादाने वचन काढलं पण नीट वाचलं नाही. येशू नुसता गाल म्हणत नाही, उजवा गाल म्हणतो. आता समोर माणूस उभा आहे असं धर आणि उजव्या हाताने त्याच्या उजव्या गालावर मारून बघ, हवेतच मार, भावावर नको, उलट्या हाताचीच बसते. बरेच अभ्यासक म्हणतात की ही जीव घ्यायची मार नाही, मालक नोकराला लावतो तशी अपमानाची थप्पड आहे, आणि येशू सांगतोय की अपमानाची परतफेड करत बसू नको. ओढणी धरणाऱ्यापुढे दुसरा खांदा कर असं त्यात कुठे आहे गं? आणि स्वतः येशूला हन्ना याजकापुढे उभं केलं तेव्हा शिपायाने थोबाडीत मारली (योहान १८), तेव्हा त्याने दुसरा गाल पुढे नाही केला, सरळ विचारलं की मी वाईट बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. हात उगारला नाही, पण गप्पही बसला नाही. प्रेषित पौलाचंही तसंच, फटके मारायला चामड्याच्या पट्ट्यांनी ताणलं तेव्हा म्हणाला मी रोमी नागरिक आहे, चौकशीशिवाय मला फटके मारणं कायद्यात बसतं का, आणि पुढे तर थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे अपील केलं. म्हणजे कायद्याचा आधार घेऊन स्वतःला वाचवणं हे बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सरळ लिहिलेलं आहे.

आणि दहा आज्ञांत आपल्या मराठी शास्त्रात शब्द बघ, 'खून करू नको' असाच आहे, 'मारू नको' नाही. मूळ हिब्रू शब्दही साधारण तेच सांगतो, बेकायदा जीव घेणं.

आता मला सगळ्यात आवडणारी ओळ सांगते, बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या २२ व्या अध्यायाची सुरुवात. चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारलं तर दोष आहे. का, तर अंधारात घुसलेला चोरीला आलाय की जीव घ्यायला हे घरातल्याला कळत नाही, उजेडात माणूस दिसतो, ओरडता येतं, शेजारी येतात, तेव्हा चोराच्या जिवालाही किंमत आहे. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आणि आपली भारतीय न्याय संहिता काढ, १ जुलै २०२४ पासून लागू झालेली, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, आणि ४१ मध्ये मालमत्ता वाचवताना जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो त्यात घरफोडीसाठी शब्दच आहेत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. मी पहिल्यांदा हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा पेन खाली ठेवला होता. आणि कलम ३७ म्हणतं बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. तू मनगट पिरगळलंस, तो बसला, तू सोडलंस. बसल्यावर लाथ घातली असतीस तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं.

हे सगळं असलं तरी तो दादा येडा नाहीये हं. त्याच्या बाजूलाही मोठी परंपरा आहे, आणि ती भित्र्या लोकांची नाही. पहिल्या दोन-तीन शतकांत तर्तुल्यानसारखे ख्रिस्ती लेखक ख्रिस्ती माणसाने सैन्यात जाऊ नये असंच लिहीत होते. नंतर मेनोनाइट, क्वेकर हे ख्रिस्ती पंथ, त्यांनी शस्त्र धरायचं नाही हे शेकडो वर्षं पाळलंय, शेजारी छत्तीसगडमध्ये धमतरीला मेनोनाइट मंडळी आहे. १५६९ ची गोष्ट आहे, हॉलंडमध्ये डर्क विलेम्स नावाचा माणूस विश्वासापायी तुरुंगात होता, तिथून निसटला, गोठलेल्या पाण्यावरून पळाला, मागे लागलेला शिपाई बर्फ फुटून आत पडला, आणि हा परत फिरला, त्याला हात देऊन बाहेर काढलं. शिपाई वाचला, डर्कला पकडून जिवंत जाळलं. ही गोष्ट ऐकून ज्याला काहीच होत नाही त्याने गालावर बोलू नये असं माझं मत. पण डर्कने स्वतःचा जीव दिला, दुसऱ्या मुलीला ओढणी सोडून दे असं सांगितलं नाही, हा फरक तुझ्या दादाच्या लक्षात आलेला नाही.

आणि गंमत बघ, जुना ख्रिस्ती धर्मगुरू ऑगस्तीन, त्याचं म्हणणं तर बरोबर उलटं होतं, स्वतःला वाचवायला खाजगी माणसाने दुसऱ्याचा जीव घ्यावा हे त्याला पटत नव्हतं, पण शिपाई किंवा अधिकारी दुसऱ्यांच्या रक्षणासाठी कामावर असताना करतो ते वेगळं. म्हणजे तुझ्या नोकरीला त्याचा आक्षेप नसता, घरात पिस्तूल ठेवणाऱ्या सावकाराला असता. मध्ययुगातल्या अक्विनास या धर्मपंडिताने पुढे सांगितलं की हेतू बचावाचा हवा, मारण्याचा नको, आणि जोर गरजेपुरताच. कॅथलिक धर्मशिक्षण आजही तेच धरून आहे, उलट ज्यांची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांचं रक्षण करणं हे कर्तव्य म्हणतं. तुझा गाल तू पुढे कर, तुझा हक्क आहे, पण स्टँडवरच्या दुसऱ्या पोरीचा गाल तू परस्पर कसा पुढे करणार?

एक सांभाळ, कोणीतरी तुला लूक २२ दाखवेल, झगा विकून तलवार घ्या वालं, म्हणेल बघ येशूनेच सांगितलंय. त्यावर फार उड्या मारू नकोस. शिष्य म्हणाले दोन तलवारी आहेत, तो म्हणाला पुरे, आणि त्याच रात्री पेत्राने मुख्य याजकाच्या नोकराचा, मल्खाचा कान उडवला तर येशूने पेत्रालाच थांबवलं आणि कान बरा केला.

आता नोकरीचं. तू आणि आई दोघी बंदुकीला घाबरताय, पण लूक ३:१४ उघड. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येतात, विचारतात आम्ही काय करावं. तो तलवार टाका म्हणत नाही, नोकरी सोडा म्हणत नाही. तो म्हणतो कोणाला धाक घालून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधानी राहा. म्हणजे हप्ता, खोटी केस आणि वरकमाई! दोन हजार वर्षं झाली आणि यादी बदललेली नाही. पोलिसात गोळी चालवायची वेळ बऱ्याच जणींवर आख्ख्या नोकरीत येत नाही, पण पाकीट समोर येण्याची वेळ पहिल्या काही महिन्यांतच येऊ शकते, आणि कोठडीत हात बांधलेल्या माणसावर काठी उचल असं वरचा सांगेल तेव्हा सूर्य उगवलेला असतो, तिथे स्वसंरक्षण नावाचं काही नसतं. तिथे नाही म्हणता येईल का, याचा विचार कर, आणि आईशी यावर बोल. शिवाय ख्रिसमसला आणि गुड फ्रायडेला चर्चबाहेर बंदोबस्तात तूच उभी असशील, हेही धरून चाल.

हे सगळं वाचून, प्रार्थना करूनही मन म्हणालं की शस्त्र नकोच, तर तोही निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही, फक्त तो तुझा असू दे, संघातल्या दादाचा नको. डेस्मंड डॉस नावाचा अमेरिकन सैनिक होता, बंदुकीला हात लावायचा नाही या अटीवर मेडिक म्हणून गेला, मे १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने सुमारे ७५ जखमींना दोरीने एकेक करून खाली सोडलं. आपल्याकडे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे, बारावीला बायोलॉजी होतं ना तुझं, NEET परीक्षा देऊन बीएस्सी नर्सिंग, पास झालीस की लेफ्टनंट म्हणून कमिशन, फक्त वयाची अट बघून घे आणि दोन वर्षं मागे जायची तयारी ठेव. नाहीतर आहे ती बीएस्सी पूर्ण कर आणि फॉरेन्सिककडे वळ, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी न्यायसहाय्यक विज्ञान संस्था आहेत. तिथे खोटा आरोप खोटा ठरवायचं कामच असतं.

पण तुझ्या पत्राचा सूर बघता तुला भरतीच द्यायचीय असं मला वाटतं. मग फॉर्म भर. मैदानी ५० गुणांची, त्यात ८०० मीटरला २०, शंभरला १५ आणि गोळ्याला १५, निम्मे गुण नाही मिळाले तर लेखीला बसताच येत नाही. धावणं तुझं चांगलं दिसतंय, गोळा मात्र साडेचार मीटरवर अडकलाय म्हणतेस, ते कमी आहे गं. मनगटात जोर आहे हे स्टँडवर सगळ्यांनी बघितलंच, पण ४ किलोचा गोळा मनगटाने नाही जात, पायाने आणि कमरेने जातो, तेवढं ग्राउंडवरच्या सरांकडून या आठवड्यातच दुरुस्त करून घे.