कार्यालयातल्या कागदी फायली टिकाव्यात आणि पटकन सापडाव्यात, यासाठी व्यवस्था कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं साठलेल्या फायलींनी कपाटं भरली आहेत, गठ्ठे जमिनीवर आले आहेत, एक फाईल शोधायला कधी कधी अर्धा दिवस जातो. आता नवी कपाटं घ्यावीत की सरकते रॅक, म्हणजे कॉम्पॅक्टर, बसवावेत असा तुमचा प्रश्न आहे. मी अभिलेख कक्षाचं काम करते, आणि मला वाटतं की या दोन्हींचा निर्णय थोडा लांबवावा. आधी हे ठरवा की बाहेर गेलेली फाईल परत आपल्या जागेवर कशी येणार.

फायली हरवतात त्या बहुतेक वेळा परत ठेवताना. काढताना माणसाला गरज असते, म्हणून तो नीट बघून काढतो. काम झालं की त्या फाईलमधलं त्याचं लक्ष उडालेलं असतं. समोर मोकळी दिसेल त्या फटीत ती सरकवली जाते. हजारो फायलींत चुकीच्या जागी गेलेली एक फाईल म्हणजे हरवलेलीच फाईल. म्हणून कपाट कितीही भारी असलं तरी परतीची वाट आखलेली नसेल, तर वर्षभरात पुन्हा हाच गोंधळ होतो.

त्यासाठी जागेवर ठेवायचं एक जाड कार्ड लागतं. फायलीपेक्षा थोडं उंच, भडक रंगाचं. फाईल काढली की तिच्या जागी हे कार्ड उभं करायचं आणि त्यावर फाईल क्रमांक, कोणी नेली, कधी नेली एवढं लिहायचं. यानं दोन कामं होतात: शोधणाऱ्याला फाईल कोणाकडे आहे ते कळतं, आणि परत ठेवणाऱ्याला नेमकी जागा दिसते. नेलेल्या माणसानं ती फाईल परस्पर दुसऱ्या टेबलावर दिली तर त्याची चिठ्ठी अभिलेख कक्षाकडे आली पाहिजे. आणि 'ज्यानं काढली त्यानंच जागेवर ठेवायची' हा नियम शिस्तीचा वाटतो, पण तो करू नका. सगळ्यांनी फायली एका ट्रेमध्ये टाकाव्यात आणि ठरलेल्या एका माणसानं रोज दिवसअखेर त्या जागेवर लावाव्यात. ठेवणारे हात जितके कमी, तितक्या चुका कमी.

दुसरी गोष्ट क्रमांकाची, आणि इथे मी जास्त आग्रही आहे. पुष्कळ ठिकाणी 'कपाट 3, कप्पा 2, फाईल 14' हाच फाईल क्रमांक असतो. कपाट हललं, खोली बदलली, मधे एक रॅक वाढला की सगळे क्रमांक खोटे ठरतात. फाईलची ओळख आणि फाईलची जागा या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ओळख एकदाच द्यायची आणि ती फाईल नष्ट होईपर्यंत बदलायची नाही; समजा 2019-00417. जागेचा संकेत वेगळा: खोली, रॅक, कप्पा, पेटी, या क्रमानं. या दोन्हींची सांगड एका नोंदवहीत किंवा साध्या एक्सेल तक्त्यात घालायची. फाईल हलली की तक्त्यातला जागेचा रकाना बदलतो, फाईलवरचा क्रमांक तसाच राहतो.

क्रमांकात आकड्यांची संख्या ठरलेली ठेवा, म्हणजे 417 ऐवजी 00417, नाहीतर संगणक 417 च्या आधी 1000 लावू शकतो. तारीख लिहाल तिथे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. मग ती आपोआप क्रमानं लागते. नावावरून फायली लावणं टाळा. एकच आडनाव कोणी ऱ्हस्व लिहितं कोणी दीर्घ, संस्थांची नावं बदलतात, एका नावाची चार माणसं असतात. नाव शोधायला तक्ता आहे. रॅकवर क्रमांकच असू द्या. आणि 'इतर', 'किरकोळ', 'महत्त्वाचे' ही शीर्षकं आजपासून बंद करा. त्या फायलींत काय आहे हे ठेवणाऱ्यालाही सहा महिन्यांनी सांगता येत नाही. शीर्षक ठरवताना ती पुढे कोण मागेल आणि काय म्हणून मागेल याचा विचार करा.

फायली काही हजारांच्या वर असतील आणि रोज ये-जा असेल, तर शेवटच्या अंकांवरून लावायची पद्धत फार उपयोगी पडते. मोठ्या रुग्णालयांत रुग्णांची कागदपत्रं पुष्कळदा अशीच लावतात. क्रमांक 41-72-05 असेल तर आधी 05 च्या विभागात जायचं, तिथे 72 च्या गटात, आणि त्यात 41 वा. ऐकायला उलटं वाटतं, पण सरळ क्रमात नव्या फायली सगळ्या शेवटच्या रॅकवर येऊन गर्दी करतात आणि दर थोड्या दिवसांनी आधीचे कप्पे सरकवावे लागतात. शेवटच्या दोन अंकांवर लावलं की नव्या फायली आपोआप 100 विभागांत सारख्या वाटल्या जातात. त्याला रंगाची जोड द्या: दहा अंकांना दहा रंग, आणि फाईलच्या पाठीवर शेवटच्या दोन अंकांच्या पट्ट्या. मग एका विभागातल्या सगळ्या फायलींवर रंगांची सलग रेघ दिसते आणि चुकून आलेली फाईल लांबूनच डोळ्यांत भरते. पट्टीवर अंकही छापा, कारण सगळ्यांना सगळे रंग वेगळे दिसत नाहीत. फायली हजारभरच असतील तर एवढं करू नका, सरळ क्रम पुरतो.

आता छाटणी. तुमच्या कपाटांतला मोठा भाग कदाचित ठेवायची गरजच नसेल. प्रत्येक प्रकारच्या कागदाला किती वर्षं ठेवायचं हे कायदा, लेखापरीक्षण आणि तुमच्या कामाची गरज पाहून एकदा लेखी ठरवा. ही मुदत फाईल बंद झाल्यापासून मोजायची, उघडल्यापासून नाही. वाद किंवा तपासणी चालू असेल तर मुदत संपली तरी त्या विषयातल्या कागदाला हात लावायचा नाही. नष्ट करताना यादी, मंजुरीची सही आणि तारीख कायम जपा, कारण 'ती फाईल कुठे गेली' या प्रश्नाला तेवढंच उत्तर उरतं. आणि वेगवेगळ्या मुदतीचे कागद एका पेटीत भरू नका. तीन वर्षांचे आणि कायमचे कागद एकत्र बांधले की ती सगळी पेटी कायमची होऊन बसते. प्रत्येक पेटीवर आत काय आहे याबरोबरच कधीपर्यंत ठेवायचं तेही लिहिलेलं असावं.

उरलेल्याची लांबी मोजा. फायली उभ्या ओळीत लावल्या तर किती मीटर होतील, एवढंच. या आकड्याशिवाय रॅक घेणं म्हणजे माप न देता कपडे शिवायला टाकणं. वजनाचा हिशेबही इथूनच निघतो. चौरस मीटरला 80 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा एक ए-4 ताव 5 ग्रॅमचा, म्हणजे 500 तावांचं रीम अडीच किलो आणि साधारण 5 सेंटीमीटर जाड. एक मीटर कागद म्हणजे जवळजवळ 10,000 ताव आणि 50 किलो. 90 सेंटीमीटर रुंदीचा कप्पा ठासून भरला तर 45 किलो. सहा कप्प्यांच्या रॅकवर 270 किलो, आणि रॅकचं वजन वेगळं. एवढा भार जमिनीच्या जेमतेम एक तृतीयांश चौरस मीटरवर येतो.

कॉम्पॅक्टरबद्दल सावध करते ते याचसाठी. साध्या रॅकमध्ये मधल्या वाटा रिकाम्या असतात, म्हणून एकूण जमिनीवरचा सरासरी भार निम्म्याच्या आसपास येतो. कॉम्पॅक्टर वाटा काढून टाकतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट कागद आणि दुप्पट भार. कार्यालयाच्या जमिनी साधारण 250 ते 400 किलो प्रति चौरस मीटर धरून बांधलेल्या असतात. गच्च भरलेला कॉम्पॅक्टर त्याच्या कितीतरी पुढे जातो. वरच्या मजल्यावर तर संरचना अभियंत्याच्या लेखी संमतीशिवाय तो बसवूच नका. शिवाय त्यात एका वेळी एकच वाट उघडते, म्हणून रोज लागणाऱ्या फायलींसाठी तो त्रासाचा. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या जुन्या कागदांसाठी, तळमजल्यावर, तो छान.

चालू कामासाठी मला उघडे स्टीलचे रॅक सगळ्यात बरे वाटतात. खणांच्या कपाटाला खण ओढायला समोर तेवढीच जागा सोडावी लागते आणि आत काय आहे ते बंद असताना दिसत नाही. खाजगी माहितीच्या फायलींसाठी मात्र खोलीलाच कुलूप आणि ठरलेल्या माणसांकडेच किल्ली हवी. रॅक पावडर कोटिंगचे असावेत आणि भिंतीला किंवा एकमेकांना बोल्टनं पक्के केलेले. खालचा कप्पा जमिनीपासून किमान 15 सेंटीमीटर वर ठेवा, कारण पाणी आधी तिथेच येतं. बाहेरच्या भिंतीला रॅक चिकटवू नका, ओल कागदात उतरते. वरून पाण्याचा पाइप किंवा एसीची निचरा नळी जात असेल तर ती जागाच सोडा. छतात आगीसाठी पाण्याचे फवारे असतील तर त्यांच्या खाली निदान 45 सेंटीमीटर मोकळी जागा लागते. दिव्यांच्या ओळी वाटेच्या दिशेनंच, वाटेच्या बरोबर वर हव्यात. रॅकच्या माथ्यावर आलेला दिवा छतच उजळतो आणि पाठीवरचे आकडे अंधारात राहतात. कंबर ते खांदा या उंचीत रोजच्या फायली, वर-खाली क्वचितच्या. आणि सुरुवातीलाच प्रत्येक कप्प्याचा पाचवा भाग रिकामा ठेवा. गच्च कप्प्यात फाईल परत जात नाही, ती आडवी वर ठेवली जाते, आणि तिथून ढीग सुरू होतो.

रोजच्या कामाला लिव्हर आर्च फाईल, म्हणजे खटक्यानं उघडणाऱ्या कड्यांत कागद अडकवायची जाड पुठ्ठ्याची फाईल, चांगली. जर्मनीत लुई लाइट्झ यांनी ती 1896 मध्ये आणली आणि पुढे 1911 मध्ये पाठीला बोट घालायचं भोक आलं. त्या भोकामुळे फाईल वरची कड न ओढता निघते आणि कड फाटत नाही. इतका साधा विचार, पण काढणाऱ्याच्या हाताचा. काम संपलं की मात्र कागद त्यातून काढून टॅगनं बांधून पेटीत घाला, कारण ती फाईल अर्धी रिकामी असली तरी पूर्ण जागा खाते. दोन भोकांमधलं अंतर 80 मिलिमीटर हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. सगळीकडे तेच पाळलं तर कागद पुन्हा टोचावे लागत नाहीत. एक फाईल चार-पाच सेंटीमीटरच्या वर जाऊ लागली की 'भाग 2' उघडा आणि दोन्हींवर एकमेकांचा उल्लेख करा. पानांना क्रमांक आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका असेल तर मधला कागद गेल्याचं कळतं.

टिकण्याचं म्हणाल तर कागदाचे शत्रू त्याच्या पोटातच असतात. आम्ल असलेला कागद स्वतःहून पिवळा आणि ठिसूळ होतो. कायम जपायच्या दस्तांसाठी आयएसओ 9706 या प्रमाणाचा कागद मागा. त्यात 2 टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कली साठा असावा लागतो, तो आम्लाला शमवतो. पेट्या आणि कव्हरंही आम्लविरहित घ्या, नाहीतर चांगला कागद वाईट पुठ्ठ्यात पिवळा पडतो. फाईल बंद करताना रबरबँड, गंजणाऱ्या टाचण्या, क्लिपा आणि चिकटपट्ट्या काढा. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं नकोत, छापलेली अक्षरं त्यांना चिकटून निघतात. थर्मल कागदावरच्या, म्हणजे उष्णतेनं छापलेल्या, पावत्यांवरची अक्षरं उडून जातात, त्यांची साध्या कागदावर प्रत काढून सोबत लावा. लॅमिनेशन तर करूच नका, ते पुन्हा काढता येत नाही. हवेतली आर्द्रता 35 ते 50 टक्क्यांत स्थिर राहावी. 65 च्या वर गेली की बुरशी धरते. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा रोजचा चढउतारही कागदाला सोसत नाही.

साधं लोखंडी कपाट आगीपासून वाचवत नाही, लोखंड तापतं आणि आतला कागद करपतो. मूळ करार, मालकीचे दस्त अशा थोड्या कागदांसाठी आगरोधक कपाट घ्या. कागदासाठीच्या अशा कपाटाचा निकष असा की ठरलेल्या वेळेपर्यंत आतलं तापमान 177 अंश सेल्सियसच्या वर जाऊ नये. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क त्यात ठेवू नका, त्या एवढ्या उष्णतेत टिकत नाहीत. कागद भिजलेच तर 48 तासांत सुकवायला हवेत. ढीग मोठा असेल तर गोठवून ठेवा आणि मग हळूहळू सुकवा.

व्यवस्था लागली की नव्या माणसाच्या हातात एक फाईल क्रमांक द्या. कोणालाही न विचारता त्याला ती काढता आणि परत ठेवता आली, तर आराखडा बरोबर आहे. अडखळला तर कुठे अडखळला ते बघून तिथलीच पाटी किंवा तक्ता दुरुस्त करा. आणि दर आठवड्याला एक-दोन रॅकवरचे फाईल क्रमांक ओळीनं वाचून जागा तपासायचं काम कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

छाटणीनंतर किती मीटर फायली उरल्या, त्यातल्या किती रोज लागतात आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, एवढं इथे लिहा. मग रॅक किती आणि कुठे, ते नेमकं सांगता येईल.