६० सेंटीमीटरच्या टाकीत ॲपिस्टोग्रामा या छोट्या माशांची पिल्लं काढायची आहेत. कार्पेटला (तळावर पसरणाऱ्या हिरवळीला) कोणती वनस्पती लावू आणि सीओटू (झाडांसाठीचा कार्बन डायऑक्साइड) किती सोडू?

तुमच्या सविस्तर प्रश्नातल्या आठ ओळी कार्पेट आणि सीओटूवर आहेत. ज्या माशांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्याबद्दल शेवटी फक्त 'काकाटुओइडिसची (ॲपिस्टोग्रामातलीच एक जात) एक जोडी सोडणार आहे' एवढंच. मीही अगदी अशीच सुरुवात केली होती, म्हणून लिहायला बसलो. नुसत्या कार्पेटबद्दल सांगायला इथे माझ्यापेक्षा जाणकार पुष्कळ आहेत.

मला या नादाला लावलं माझ्या चुलतभावानं. दादा ॲक्वास्केपिंगवाला, म्हणजे टाकीत दगड-झाडांचा देखावा रचणारा. दगड किती कलता ठेवायचा यावर तो तासभर बोलतो. माझी पहिली टाकी, तुमच्याच मापाची, त्यानेच रचून दिली. मागे उंच होत जाणारी ॲक्टिव्ह सॉइल (झाडांसाठीची खतयुक्त माती), पाच दगड, पुढे क्यूबा या बारीक पानांच्या झाडाचं कार्पेट, वर डोळे दिपवणारा दिवा, सीओटूचा सिलिंडर, पाणी जोरात ओढणारा कॅनिस्टर फिल्टर. दोन-अडीच महिन्यांत टाकी अशी भरली की घरी येणारा माणूस आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहायचा. त्यात मी जोडी सोडली. अंडी घालायला जागा हवी म्हणून नारळाची अर्धी करवंटी ठेवली, तर दादानं ती उचलून मागच्या कोपऱ्यात दगडाआड सारली. चित्र बिघडतं म्हणे!

महिन्याभरात मादी पिवळीजर्द झाली, अंगावरचे काळे पट्टे ठळक झाले. करवंटीच्या छताला लालसर अंडी, साठेक असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी छत कोरं. काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. दादाचं निदान तयार होतं: "मादीच वाईट आहे. खाते अंडी. बदल तिला."

त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

मी मादी बदलली नाही. चौथ्या खेपेला अंडी फुटली, आठव्या-नवव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली. आई पुढे आणि मागे धुळीच्या कणांसारखा ढग. मी कामावर दांडी मारून ते बघत बसलो. रात्री दहाला टायमरनं दिवा खटकन बंद झाला. या माद्या अंधार पडायच्या आत पिल्लांना गोळा करून गुहेत नेतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला ती संधीच मिळाली नाही. सकाळी ढग नव्हता. काही पिल्लं कॅनिस्टरनं ओढली असणार, काही कार्पेटात विखुरली असणार. मादी दिवसभर त्या हिरवळीवर नाक खुपसत फिरत होती.

आणि नर? तो पाण्याच्या वरच्या थरात हीटरच्या मागे उभा, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. अंडी-पिल्लं असताना मादी त्याला जवळ फिरकू देत नाही. मोठ्या टाकीत तो लांब निघून जातो. इथे जाणार कुठे? कार्पेट म्हणजे उघडं मैदान, या टोकावरून त्या टोकाचं दिसतं. चार दिवसांनी तो मेला. मादीपेक्षा जवळजवळ दुप्पट लांबीचा मासा, आणि मारला तिनं.

दादाचा मुद्दा तेव्हाही हाच आणि आजही हाच, की पाणी तर बरोबर होतं, सीओटूमुळे पीएच साडेसहावर यायचा. पीएच उतरला म्हणजे पाणी मृदू झालं, हा गैरसमज तुमच्याही प्रश्नात डोकावतोय, म्हणून सविस्तर सांगतो. सीओटू सोडला की पीएच खाली येतो, पण पाणी मृदू होत नाही. विरघळलेले क्षार तेवढेच राहतात, वर रोजच्या खतानं वाढतात. रात्री गॅस बंद केला की पीएच परत चढतो. अंड्यांना फरक पडतो तो क्षारांनी. जड पाण्यात बरीच अंडी पांढरी पडून बुरशीला जातात. म्हणजे मीटरवर आकडा साडेसहाचा आणि पाणी मात्र जडच. काकाटुओइडिस त्यातल्या त्यात सोशिक, थोड्या जड पाण्यातही पिल्लं काढतो. त्यांच्याच गोत्रातला अगासिझी असता तर बहुधा फारच कमी अंडी फुटली असती.

पण माझ्या मते मुख्य कारण पाणी नव्हतंच. माझा हात होता. आठवड्याला अर्धं पाणी बदल, दर दहा दिवसांनी कार्पेटला कात्री, मधूनच दगडावरचं शेवाळ घास. तिसऱ्या वेळी अंडी घातल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कोपरापर्यंत हात घालून कात्री चालवत होतो. त्या मादीनं अंडी खाल्ली यात नवल काय? जागा धोक्याची वाटली की ती अंडी गिळते आणि पुढच्या खेपेला तयार होते.

मग मी दुसरी टाकी लावली, त्याच मापाची. दादाला न सांगता. तळाला दोन बोटं बारीक वाळू, कारण हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात. तिच्यावर बदामाच्या वाळक्या पानांचा थर. दोन आडवी लाकडं, त्यांना जावा फर्न आणि अनुबियास बांधलेले. क्रिप्टोकोरिनी छोट्या कुंड्यांत, म्हणजे हलवायच्या तर मुळं उपटायला नकोत. एका कोपऱ्यात मॉसचा गुंता. वर साल्विनिया तरंगती, त्यामुळे खाली कायम सायंकाळ. करवंट्या तीन, एकमेकींना न दिसतील अशा, तोंड जेमतेम मादी शिरेल एवढं. नराला आत जाता येता कामा नये. पिल्लं न ओढणारा स्पंज फिल्टर. निम्म्याहून जास्त आरओ (क्षार काढलेलं) पाणी. त्यात शंखगोगलगायी नाहीत, तळाशी फिरणारे कोरी कॅटफिशही नाहीत. ते रात्री अंडी चाटून जातात, आणि दिवसा मादीकडून डोळे फोडून घेतात.

मादी तीच, 'वाईट' वाली. नर नवा. पहिल्याच खेपेला पिल्लं निघाली. दिव्याशेजारी एक मिणमिणता रात्रीचा दिवा ठेवला होता, मोठा दिवा गेल्यावर तासभर तो जळायचा. तेवढ्या वेळात ती सगळ्यांना हाकारून आत न्यायची. खायला ताजा फुटलेला ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव), दिवसातून दोनदा, पिपेटनं थेट ढगात. त्याची अंडी वेगळ्या बाटलीत घालायची: लिटरला २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, एअर पंपाचे जोरदार बुडबुडे, की २४ तासांत फुटतो. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली म्हणजे पोचला. मधल्या वेळात ती वाळक्या पानांवरचे सूक्ष्म जीव टिपत राहतात. हे तुमचं स्वच्छ कार्पेट देणार नाही.

सहा आठवड्यांनी ४३ पिल्लं मोजली. दादा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हे डबकं आहे." असेना.

आता माझी चूकही सांगतो. पिल्लं लवकर वाढावीत म्हणून मी हीटर २९ वर ठेवला होता. मोठी झाल्यावर कळलं की ४३ पैकी ३४ नर. ॲपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींत सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानावर नर-मादीचं प्रमाण हलतं. गरम पाण्यात नर जास्त, थंडाव्यात माद्या. तेव्हापासून २६ वर ठेवतो. एवढ्या नरांचं काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण ते एकमेकांना फाडतात.

आणखी एक, जे दादासमोर मी कबूल केलेलं नाही. तरुण माद्या पहिल्या दोन-चार खेपा बहुतेक वेळा खाऊन टाकतातच, टाकी कशीही असो. त्यामुळे दुसऱ्या टाकीतलं यश किती माझ्या मांडणीचं आणि किती तिच्या वयाचं, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि हे सगळं गुहेत अंडी घालणाऱ्यांबद्दल. रामिरेझी या दुसऱ्या छोट्या माशाचा विचार असेल तर त्यांना उघड्यावरचा सपाट दगड आणि २८च्या वरचं पाणी लागतं. तिथे नर-मादी दोघं मिळून राखण करतात, नराला हाकलत नाहीत.

राहिला तुमचा प्रश्न. सीओटू किती सोडू? पिल्लांच्या टाकीत शून्य. वर सांगितलेल्या एकाही झाडाला तो लागत नाही. कार्पेट हवंच असेल तर पुढच्या एक-तृतीयांश भागात क्रिप्टोकोरिनी पार्व्हा लावा. ती इतकी सावकाश वाढते की कात्री लावायची वेळ क्वचितच येते. ॲक्टिव्ह सॉइल आधीच आणली असेल तर ती कुंड्यांत भरा आणि पहिले काही आठवडे अमोनिया शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नका. क्यूबा लावायचं असेल तर वेगळी टाकी घ्या. तिच्यात हवे तेवढे दगड कलते ठेवा, हवं तर दादाचा नंबर देतो.