गावातले बचतगट, ग्रामपंचायत आणि आशाताई आरोग्यासाठी एकत्र कसे येतील? नवी समिती काढावी का?

नवी काढू नका, आहे तीच जागी करा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ग्राम आरोग्य समिती आणली. सरपंच, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या बाया तिच्यातच बसतात आणि वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणाऱ्या, निधीची सोय आहे. मी यवतमाळकडच्या गावात बचतगटातर्फे या समितीवर आहे. पहिली बैठक दुपारी ठेवली, तर सतरंजीवर तिघीच! कापूसवेचणीच्या दिवसांत बाया वावरातून दिवेलागणीलाच परततात. मग रात्री आठला, अंगणवाडीच्या ओट्यावर. तिथे हातपंपाजवळच्या डबक्याचा विषय निघाला आणि श्रमदानाने शोषखड्डा झाला. मात्र निधी वेळेवर येईलच असं नाही, म्हणून सुरुवात बिनपैशाच्या कामाने करा.