बोडाबोडा: 'बोडका' नाही, बॉर्डर

एका ताईंचा प्रश्न आहे. भाऊ युगांडाच्या राजधानीत, कंपालात नोकरीला, फोनवर सारखं 'बोडा करून आलो', 'बोडा मिळाली नाही' असं बोलतो. बोडा म्हणजे भाड्याची मोटरसायकल एवढं त्यांना कळलं, पण घरात कोणीतरी सांगितलं की हा आपलाच शब्द आहे, टप नसलेली बोडकी गाडी म्हणून बोडा, आपल्याकडच्या दुकानदारांनी तिकडे नेला. खरं का?

नाही, खरं नाही. असं वाटणं साहजिक आहे म्हणा, कारण पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत आपल्याकडचे शब्द खरोखरच आहेत, गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', पैशाला 'पेसा', आणि १९२० पर्यंत तर तिकडे चलनच रुपया होतं. पण बोडा हा इंग्रजी 'बॉर्डर' आहे. 'र' इंग्रजांच्या तोंडातच गळलेला होता, आणि स्वाहिली काय, युगांडातली लुगांडा भाषा काय, शब्द स्वरावर संपवतात, त्यामुळे बॉर्डरचं बोडा झालं.

आता बॉर्डर कुठली, तर केनिया-युगांडा सीमेवरचं बुसिया. एकाच नावाचं गाव दोन देशांत, अर्धं इकडे अर्धं तिकडे. मला या शब्दाचं अप्रूप वाटतं ते या गावामुळेच. १९०२ च्या आधी इथे सीमा नव्हतीच, युगांडाची हद्द पार पूर्वेला नैवाशाजवळपर्यंत होती. त्या वर्षी इंग्रजांनी युगांडाचा पूर्व प्रांत काढून शेजारच्या वसाहतीला, म्हणजे आजच्या केनियाला, जोडला आणि रेघ इथे येऊन पडली. सामिया आणि तेसो लोकांची घरं, शेतं, सोयरीक दोन्हीकडे, तेव्हा त्यांच्यासाठी ती रेघ म्हणजे भावकीच्या मधून गेलेली. इंग्रज असेपर्यंत फार जाच नव्हता, शिलिंग दोन्हीकडे एकच चालायचा. १९६२ ला युगांडा आणि १९६३ ला केनिया स्वतंत्र झाले, १९६६ ला चलनं वेगळी झाली, आणि रेघेचं खरंखुरं नाकं झालं.

त्यात एक अडचण होती. दोन देशांच्या चौक्यांमध्ये अर्ध्या मैलाहून जास्त मोकळा पट्टा, आणि मोटार पलीकडे न्यायची तर कागदपत्रं लागणार. म्हणजे इकडे बसमधून उतरायचं, सामान डोक्यावर घ्यायचं, उन्हात चालत पलीकडे जायचं. मग साठच्या दशकात तिथल्या पोरांनी सायकलच्या कॅरियरवर गादी बांधली आणि उतारूंना हाका मारायला सुरुवात केली, 'बोडा! बोडा!'. बॉर्डर ते बॉर्डर सोडतो, एवढाच अर्थ. आपल्या स्टँडवर 'स्वारगेट स्वारगेट' ओरडतात ना, अगदी तसंच, फक्त इथे ती हाक वाहनाचं नावच होऊन बसली. आपल्याकडे फटफटी आवाजावरून आली, आणि स्वाहिलीतही मोटरसायकलला 'पिकिपिकी' असा नादावरूनच शब्द आहे, तेव्हा दोनदा म्हणायची सवय त्या भाषेला होतीच.

सीमेला स्वाहिलीत स्वतःचा शब्द आहे, 'म्पाका'. आणि याचा दुसरा अर्थ 'पर्यंत'! आपलं 'पर्यंत'सुद्धा संस्कृतात आधी कडा, हद्द याच अर्थाचं आहे, म्हणजे एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन भाषांनी हद्दीवरून 'पर्यंत' काढलं. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी किती वेळ नुसता त्यावरच विचार करत बसलो होतो. पण चौकी इंग्रजांची, फाटक इंग्रजांचं, म्हणून हाक म्पाकाची न होता बोडाची झाली असावी, असं आपलं माझं मत.

सीमेने अजूनही शब्द दिलेत. 'मागेंडो' म्हणजे चोरटा व्यापार, हुकूमशहा इदी अमीनच्या काळात युगांडाच्या शेतकऱ्याला सरकारी भाव कवडीमोल मिळायचा आणि १९७५ ला ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीने कॉफीचे मळे करपून जगभर कॉफी महागली, मग पोती रातोरात केनियात जायची. आणि नाकं चुकवून जाणाऱ्या पायवाटा म्हणजे 'पान्या', पान्या म्हणजे उंदीर, आपण चोरवाट म्हणतो तीच.

२०१८ ला बुसियात दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसवणारं नाकं सुरू झालं, आता शिक्के एकाच ठिकाणी होतात. बोडा तोवर बॉर्डर सोडून कधीच देशभर पसरली होती, नव्वदच्या दशकात युगांडात सायकलची मोटरसायकल झाली, नाव तेच राहिलं.

मराठीत लिहायचं तर बोडाबोडा सलग लिहा, मध्ये रेघ नको, आणि रिक्षासारखं स्त्रीलिंगीच ठेवा, भाऊ बोलतोय ते बरोबर आहे. या बाबतीत आपल्याकडून तिकडे काही गेलंच असेल तर हा शब्द नाही, गाडी गेली. त्याला विचारा रोजची बोडा कुठल्या कंपनीची, बहुतेक पुण्याच्या बजाजची बॉक्सर निघेल.